वाट ठेवून घातलेली कुपाटी

वैशाख लागला की आमच्या शाळेतल्या मुलांच्या तोंडी नवे शब्द येतात. परीक्षा संपलेल्या असतात, लग्नांच्या पंगती सुरू असतात आणि पोरं दिवसभर पारावर बसलेली असतात. परवा तळेगावच्या स्टँडवर माझेच दोन जुने विद्यार्थी एका मुलीबद्दल बोलत होते. एक म्हणाला, "तिचा नाद सोड. कंपाउंड पडलंय." म्हणजे तिचं लग्न ठरलं होतं. मला पाहून दोघं गप्प झाले. मीही हसून पुढे गेले, पण तो शब्द गाडीत बसल्यावरही डोक्यातून जाईना.

मावळात हा शब्द आता कशालाही चालतो. कुणाची जमीन विकली गेली, की "त्याला कंपाउंड पडलं". एखाद्याला पार्टीतून बाजूला केलं, की "त्याला कंपाउंड मारलं". सासूसुनेचं बोलणं बंद झालं तरी "त्यांच्यात कंपाउंड हाय". आमच्या लहानपणी यातल्या प्रत्येक ठिकाणी 'कुपाटी' होती, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. भाऊभाऊ बोलेनासे झाले, की म्हणायचे, "त्यांनी कुपाटी घातली." आणि आमच्या वस्तीतल्या माणसांना गावात एक नाव होतं, 'कुपाटीपल्याडचे'. ते शिवी म्हणून वापरत नव्हते. पत्ता सांगावा तसं सहज म्हणायचे. ते सहज म्हणणंच जास्त लागायचं.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दाच्या मुळाशी जायची खोड आहे. वई म्हणजेही कुंपणच; तिचं मूळ संस्कृतातल्या 'वृति'त सापडतं, म्हणजे वेढा. कूप, कुंपण आणि कुपाटी ही तीन भावंडं मात्र कुठून आली, ते मला धड सापडलं नाही. विहिरीच्या कूपाशी त्यांचं नातं असेल असं वाटत नाही. ती इथल्याच मातीतून उगवली असावीत. वई कागदावर बरी दिसते. कुपाटी हाताला बोचते. टकाराशी जीभ थबकते, तसं काट्याशी बोट थबकतं. असलं काही मी वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीत लिहून घेतात. बाकीचं मी वर्गात सांगत नाही.

आमचं गाव कुसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिथला वैशाख मला वासांनी आठवतो. भाताच्या रोपासाठी राब भाजतात त्याचा धूर, उन्हात तापलेल्या शेणीचा वास, करवंदाच्या चिकानं काळे पडलेले हात. पावसाआधीची सगळी कामं याच दिवसांत उरकायची असतात. छपरं शाकारायची, सरपण भरायचं आणि कुपाट्या घालायच्या. आधी मेढी ठोकायच्या. मग बाभळीच्या, बोरीच्या वाळक्या फांद्या बेळक्यानं, म्हणजे दुफाट्याच्या काठीनं, दाबून बसवायच्या, वरून कामट्या आवळायच्या. कडेला शेर आणि निवडुंग लावून दिलं, की काही वर्षांत कुपाटी आपोआप जिवंत होते.

गावच्या शेतांची कुपाटी घालणं हे आमच्या घराचं काम होतं. घरचं काम नव्हे, गावकीचं काम. माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तरणेपणी हे काम करत. शेराचा चीक उडून त्यांचा एक डोळा गेला होता. ज्या कुपाटीनं आम्हाला गावापासून वेगळं ठेवलं ती आमच्याच माणसांच्या हातची होती, हे मला कळलं तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. मी आबांना विचारलं होतं, "तुम्ही कशाला घातली?" ते म्हणाले, "सांगितली म्हनून घातली." आणि उरलेला डोळा मिटून बसले. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यांनी बेळकं टाकलं ते परत हातात धरलं नाही. पण तोवर शेर वाढला होता. त्याला आता कुणाच्या हाताची गरज नव्हती.

आमची वस्ती आणि डोंगर यांच्या मधे नामदेवभाऊंचं शेत. गाव त्यांना नामाभाऊ म्हणतं. आमचा झरा त्या शेताच्या पलीकडे, डोंगराच्या बुडाशी. गावची विहीर वर, आमचं पाणी हे खालचं. म्हणून आबांनी ती कुपाटी घालताना वाट ठेवली होती. सरळ खिंड ठेवली तर जनावरं घुसतात. म्हणून त्यांनी कुपाटीची दोन टोकं एकमेकांच्या पुढंमागं घेतली होती. माणूस तिरका होऊन, हंडा कमरेवर घेऊन त्यातून बरोबर जायचा. गाय अडायची. समोरून बघणाऱ्याला ती कुपाटी अखंड दिसायची. तिथून पुढे बांधाबांधानं झऱ्यापर्यंत पायवाट. माझ्या आईची सगळी हयात त्या वाटेनं गेली. आता नळ आलेत, पण वैशाखात तोटी उघडली की वाराच येतो.

माझे वडील किसन आणि नामाभाऊ एका वयाचे. शाळेत एका वर्गात होते. पुढे बाबा देहूरोडच्या लष्करी डेपोत लागले. सकाळच्या लोकलनं जायचे, संध्याकाळी यायचे. नामाभाऊ शेतीच करत राहिले. तरी नामाभाऊ बाबांना "किसन, तू" म्हणायचे आणि बाबा त्यांना "भाऊ, तुमी". दोघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. रविवारी बाबा कुपाटीच्या अलीकडे उभे राहत, नामाभाऊ पलीकडे. पाऊस, बियाणं, पोरांच्या नोकऱ्या, सगळं बोलणं कुपाटीवरून व्हायचं. आई चहा करून द्यायची. बाबा तो वरून पलीकडे द्यायचे. नामाभाऊ पिऊन कप वरूनच परत द्यायचे. आमच्या घरचा चहा ते पीत होते, याचं बाबांना कौतुक होतं. ते कधी आत आले नाहीत, याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. मी एकदा म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "मानूस चांगला हाय. गाव तसं हाय." गाव माणसांचंच असतं, हे मी बोलले नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात मी सुट्टीला घरी गेले तर कुपाटी नव्हती.

नामाभाऊंच्या पोरांनी शेत विकलं होतं. पुण्यामुंबईच्या लोकांना बंगले बांधून देणारी कुठलीशी पार्टी होती. जेसीबीनं शेर मुळासकट उपटून रस्त्याच्या कडेला लोटला होता. तुटलेल्या फांद्यांतून पांढरा चीक अजून गळत होता. त्या जागी सिमेंटचे खांब आणि त्यांवर काटेरी तार. तारेला वाट नव्हती. आई ओट्यावर रिकाम्या हंड्याशेजारी बसली होती. मला म्हणाली, "बाय, आता रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. लोणावळ्याच्या गाड्या अशा अंगावर येत्यात, हंडा सावरावा का जीव?"

बुद्धपौर्णिमा दोन आठवड्यांवर आली होती. वस्तीत खिरीचा बेत दरवर्षी असतो, त्याला पाणी लागतं. बायकांनी बाबांना धरलं. ते नोकरीत राहिलेले, अर्ज करता येणारे. त्यांनी तहसीलला अर्ज दिला: वाट जुनी आहे, मोकळी करून द्यावी. स्थळपाहणीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी बाबा नामाभाऊंकडे गेले. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता. आईला म्हणाले, "भाऊ येनार हायेत. त्यांच्याच शेतातली वाट, त्यांच्याइतकी कुनाला म्हाईत असनार?"

मंडळ अधिकारी आले. तारेपाशी खुर्ची टाकली. बंगलेवाल्या पार्टीचा माणूस आला होता, गावातले पंच होते, आमच्या वस्तीतली सगळी होती. ऊन इतकं होतं की तारेला हात लावता येत नव्हता. पार्टीच्या माणसानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. व्यवहाराआधी काढलेला होता. त्यात शेत होतं आणि शेताच्या कडेला हिरवीगार कुपाटी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. "यात वाट कुठं दिसते, साहेब?" तो म्हणाला. खरंच दिसत नव्हती. आबांचं कामच तसं होतं.

अधिकाऱ्यांनी नामाभाऊंना पुढे बोलावलं. "तुमच्या शेतातून वस्तीची वाट होती का?"

नामाभाऊंनी टोपी काढली, परत घातली. थोरला मुलगा त्यांच्या मागे उभा होता. ते म्हणाले, "कुपाटी व्हती, साहेब."

"वाट होती का, ते सांगा."

"कुपाटी व्हती म्हनल्यावर वाट कशी असंल?"

 माझ्या आईनं पदर तोंडावर घेतला. बाबा नामाभाऊंकडे बघत होते, पण नामाभाऊ जमिनीकडे बघत होते. मग बाबा अधिकाऱ्यांना म्हणाले, "ती कुपाटी माझ्या बापानं घातली, साहेब. वाट ठेवून घातली व्हती." अधिकाऱ्यांनी विचारलं, "काही पुरावा?" बाबांनी उपटलेल्या शेराच्या ढिगाकडे बघितलं. तो तोवर वाळून करडा झाला होता. त्यातून कुठलं टोक पुढे होतं आणि कुठलं मागे, हे कोण सांगणार?

वाट नामंजूर झाली. त्या बुद्धपौर्णिमेला खिरीचं पाणी टँकरनं आलं. बाबा विहारात शेवटपर्यंत बसले, पण खीर त्यांनी घेतली नाही. म्हणाले, तोंड कडू झालंय. मला वाटलं, पित्त असेल. पण तो कडवटपणा पुढे कित्येक महिने त्यांच्या बोलण्यात राहिला. चहा पुढे केला तरी त्यांना नको असायचा.

एक गोष्ट मला आजही उमगत नाही. नामाभाऊ खोटं बोलले, पण त्यांनी खोटा शब्द वापरला नाही. कुपाटी होतीच. आमच्या भाषेत कुपाटीचा अर्थ 'अडवणारी' असाच होऊन बसला होता, म्हणून साहेबांना तो पटला. आबांनी तिच्यात माणसापुरती जागा ठेवली होती, ती शब्दात कधी आलीच नाही. शब्दकोशात असले अर्थ येत नाहीत. कुणाच्या तोंडून शब्द निघाला आणि कुणाच्या कानावर पडला, यावर ते ठरतात.

पुढच्या वैशाखात मी घरी होते. दुपारची वेळ, बाबा ओट्यावर वाकळ टाकून पडले होते. रस्त्याच्या बाजूनं एक म्हातारा येताना दिसला. उन्हातून, सगळा वळसा घालून, काठी टेकत. जवळ आल्यावर ओळखलं, नामाभाऊ. अंगणात थांबून म्हणाले, "किसनराव, हाईसा का घरात?"

किसनराव. मी आईकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

बाबा उठून बसले. "या," म्हणाले. नामाभाऊ ओट्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. आईनं पाणी दिलं. ते तांब्या वर धरून घटाघटा प्याले, गळ्यावरून धार सांडली.  मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात म्हसोबा होता. पेरणीआधी त्याला नारळ दिल्याशिवाय गावात कुणी बी टाकत नसे. विकताना पार्टीनं तोंडी कबूल केलं होतं की देवाला आडकाठी करणार नाही. आता फाटकावरचा गडी आत सोडत नव्हता. वर पार्टीचं म्हणणं असं, की हा देव जुना नाहीच, गावानं हक्क दाखवायला दगड आणून ठेवलाय. गावानं अर्ज केला होता. स्थळपाहणी होणार होती.

"पोरं काय म्हनत्यात?" बाबांनी विचारलं.

"पोरं लोनावळ्याला हाटेलात असत्यात. म्हनत्यात, जाऊद्या की, दुसरा दगड मांडू." नामाभाऊंनी काठी आपटली. "दुसरा म्हनजी? माझ्या बापानं शेंदूर लावलाय त्याला." मग बाबांकडे न बघता म्हणाले, "गावातल्या कुनी सांगितलं तर पार्टी म्हनती, ही सगळी एकाच गावची. तुमी त्या कडंचं. सरकारी नोकरी केलेली. तुमचं ऐकतील."

'त्या कडंचं' हा शब्द त्यांना सहज सुचला होता.

आई आतून म्हणाली, तशी ती कधी पुरुषांच्या मधे बोलत नाही, "आमच्या टायमाला तुमाला वाट दिसली न्हाई, भाऊ. आता आमाला देव दिसावा व्हय?"

नामाभाऊ म्हणाले, "चुकलं." एवढंच. त्यापुढे का चुकलं, कसं चुकलं, काही नाही. मी बाबांकडे बघत होते. मला वाटत होतं, आता तरी हा माणूस चिडेल. एकदा तरी म्हणेल, की तिथं तार हाय, देव कसा असंल?

बाबा म्हणाले, "बगतो."

आणि स्थळपाहणीला गेले. अधिकारी नवे होते. त्यांनी विचारल्यावर बाबांनी सांगितलं, ते मी माझ्या कानानं ऐकलं. "म्हसोबा हाय, साहेब. माझ्या आज्याच्या आदीपासनं हाय. आमाला तिथवर जायाची मुभा न्हवती, म्हनून लांबनं बगितलाय. ल्हानपनी बांधावरनं पान्याला जाताना रोज दिसायचा." अधिकाऱ्यांनी मान वर केली. "म्हणजे तिथून तुमची वाट होती?" बाबा म्हणाले, "व्हती. पर तिचा निकाल लागलाय. तुमी देवाचं लिवा."

अधिकाऱ्यांनी देवाचं लिहिलं. पेरणीआधीच्या अमावास्येला गावासाठी फाटक उघडायचं, असं ठरलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण झालं असं म्हणता येणार नाही. कुणी आवाज चढवला नाही. आई भाकरी थापत होती. बाबा चुलीपुढे बसले होते. मी त्यांना विचारलं, का सांगितलंत? ते म्हणाले, "खोटं बोलून आपल्याला वाट मिळनार हाय का?"

आईनं भाकरी उलटली. "खरं बोलून मिळाली का?" ती म्हणाली.

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.  मी तेव्हा बाबांवर चिडले होते आणि आजही पुरती निवळलेली नाही. लोक म्हणतात, तुझा बाप थोर मनाचा. मला त्या थोरपणाचा राग येतो. थोरपण नेहमी एकाच बाजूनं मागितलं जातं आणि ते दिल्यावर मागणारा ते आपलंच असल्यासारखं घेऊन जातो. पण बाबा खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं का, हेही मी स्वतःला विचारलंय. नसतं वाटलं. मग राग नक्की कशाचा? कदाचित याचा, की आमच्यापुढे ठेवलेल्या दोन्ही गोष्टी कडूच होत्या आणि त्यांतून निवडायचं स्वातंत्र्य तेवढं आम्हाला दिलं होतं.

अमावास्येच्या सकाळी फाटक उघडलं. ढोल नव्हता, पण हलगी होती. गावची माणसं नारळ, शेंदूर, दहीभात घेऊन रस्त्यानं निघाली. नेमकी त्याच वेळी आई पाण्याला निघाली. बाबांनी न बोलता दुसरा हंडा उचलला आणि तिच्या मागे चालू लागले. इतक्या वर्षांत मी बाबांच्या खांद्यावर हंडा पाहिला नव्हता. तिसरी घागर घेऊन मी निघाले.

रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या. आम्ही तारेच्या कडेकडेनं चाललो. फाटकापाशी आलो तेव्हा ते सताड उघडं होतं आणि त्यातून आमची जुनी वाट दिसली. हिरवळ लावली होती, तिच्यात ती अजून पुसट उठून दिसत होती, कारण तिथं गवत नीट धरलं नव्हतं. तिच्या टोकाला झरा. सरळ गेलो असतो तर बोलता बोलता पोचलो असतो. आई थांबली. मी तिच्या नजरेकडे बघितलं, आणि मला वाटलं, आज ती आत शिरते.

फाटकावरचा गडी परप्रांतातला होता. त्यानं आमच्या हातातले हंडे बघितले. मग वळून, हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या नामाभाऊंना विचारलं, "ये लोग आपके साथ हैं क्या?"

नामाभाऊंनी आमच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मागे गाव उभं होतं, हलगी थांबली होती.

ते काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "न्हाई. आमी पान्याला चाललोय." आणि हंडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन पुढे निघाले.

नामाभाऊ काय म्हणाले असते, मला माहीत नाही. बाबांनी त्यांना संकटातून सोडवलं, की ते ऐकण्यातून स्वतःला वाचवलं, हेही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आम्ही वळसा घालून झऱ्यावर गेलो, हंडे भरले. पलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला आणि माणसांनी देवाचं नाव घेतलं. भरले हंडे घेऊन परत येईपर्यंत पूजा आटोपली होती, माणसं पांगली होती आणि गडी फाटकाला कुलूप लावत होता. बाबांनी त्याला विचारलं, "पानी पिनार का?" तो हो म्हणाला. बाबांनी हंडा तिरका केला, त्यानं गजांमधून ओंजळ पुढे केली.

आई पुढे निघून गेली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही.